मार्चमाँट स्ट्रीटवरची पुस्तके

लंडनला जाऊन आलो असे कळले की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किंग हेन्रीज रोडवरचे घर पाहिले का? पाहिले. दोनदा पाहिले. दुसऱ्यांदा सौ.ना फोटो नीट आला नाही म्हणून पाहिले. त्या घराविषयी आजवर पुष्कळ लिहून आले आहे, आणि आमच्यापेक्षा चांगले लिहिणाऱ्यांनी लिहिले आहे. म्हणून आज आम्ही वाचकांना दुसऱ्याच एका रस्त्यावर नेणार आहोत. तेथे जाण्याचे आमच्या मनात नव्हते. आमच्या पुतणीने नेले.

पुतणी तिकडे शिकते. तिचे वसतिगृह ब्लूम्सबरी भागात आहे. हा लंडनचा विद्येचा मोहल्ला म्हणायला हरकत नाही. ब्रिटिश म्युझियम येथेच, विद्यापीठाच्या इमारती येथेच, ग्रेज इनही चालण्याच्या अंतरावर. रसेल स्क्वेअर या भुयारी रेल्वेच्या स्टेशनातून वर यायला १७५ पायऱ्यांचा गोल जिना आहे. सौ.च्या गुडघ्यांनी तो पाटी वाचूनच नाकारला आणि आम्ही लिफ्टने वर आलो. बाहेर ब्रन्सविक सेंटर नावाची पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराची मोठी इमारत लागते. तिला वळसा घातला की मार्चमाँट स्ट्रीट. रस्ता काही भव्य नाही. किराण्याचे दुकान, केस कापायचे दुकान, कॉफीची दुकाने, जुन्या पुस्तकांचे एक दुकान. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेठेसारखा, फक्त आवाज कमी.

त्या दिवशी मात्र आवाज होता. शनिवार होता. फुटपाथवर टेबले मांडली होती, त्यांवर पुस्तके. दोरीला रंगीत कागदाच्या पताका. एका बाजूला लहानसा ध्वनिक्षेपक, पुढे घडीच्या खुर्च्या. कोणी कविता वाचत होते, कोणी आपल्या पुस्तकातले पान. ऐकणारे काही खुर्चीवर, काही दुकानांच्या पायऱ्यांवर, काही सरळ जमिनीवर मांडी घालून. म्हाताऱ्या बायका होत्या, काठी टेकत आलेले गृहस्थ होते, बाबागाडीतले मूल घेऊन आलेल्या दोन तरुणी होत्या. दोघीही त्या मुलाच्या आयाच, हे आम्हाला जरा उशिरा कळले. पुतणीने सांगितले, "काका, हा समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी लेखकांचा आणि त्यांच्या वाचकांचा मेळा आहे. इथे त्यांना थोडक्यात एलजीबीटी म्हणतात. थांबायचं का?"

खरे सांगायचे तर आम्ही जरा घुटमळलो. सौ.नी मात्र एक रिकामी खुर्ची पाहून ठेवली होती. त्या जाऊन बसल्या. मग आम्हालाही थांबणे आले.

मेळ्याचा जीव म्हणजे ६६ नंबरचे दुकान. निळ्या रंगाचा दर्शनी भाग, काचेत पुस्तके, वर नाव : 'गेज् द वर्ड'. हे नाव १९५१ च्या एका संगीत नाटकावरून घेतलेले आहे. दुकान जानेवारी १९७९ मध्ये निघाले. अर्नेस्ट होल नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कमधले ऑस्कर वाइल्डच्या नावाचे असेच एक दुकान पाहिले आणि आपल्या शहरात तसे असावे असे त्यांच्या मनाने घेतले. न्यूयॉर्कचे ते दुकान २००९ मध्ये बंद पडले. लंडनचे टिकले आहे. आत गेलो तर आपल्या वसाहतीतल्या वाचनालयाएवढीच जागा. मध्ये टेबल, चहूकडे फळ्या. पूर्वी येथे चहा-कॉफी मिळत असे, एक पियानो होता, आणि सूचनाफलक होता. खोली भाड्याने हवी, मित्र हवा, डॉक्टर हवा, वकील हवा, सगळ्या चिठ्ठ्या त्या फलकावर लागत. पुस्तकांच्या दुकानात माणसे पुस्तकांसाठी कमी आणि एकमेकांसाठी जास्त येत असावीत, असे सौ.चे मत पडले. ते आम्हाला पटले.

खुर्च्यांपाशी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ भेटले. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेले. आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पुतणी मध्ये बसून सांगत होती. ते म्हणाले, पहिल्या वर्षी मी या दुकानावरून तीनदा चालत गेलो. पलीकडच्या फुटपाथवरून. आत जाण्याची हिंमत चौथ्या वेळी झाली, तीही पाऊस आला म्हणून. आत गेलो आणि एका पुस्तकाच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिलो. कायद्याने आमच्यासारख्यांना १९६७ सालीच मोकळीक दिली होती, पण माझ्या पायांना ते ठाऊक नव्हते.

पायांना ठाऊक नव्हते, हे ऐकून सौ.नी आमच्याकडे पाहिले. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कागदावर दार उघडते आणि पाय उंबऱ्यापाशी अडतात.

मग त्यांनी छाप्याची हकीकत सांगितली. १० एप्रिल १९८४ रोजी कस्टम्सचे अधिकारी दुकानात शिरले. ही पुस्तके बहुतेक अमेरिकेतून येत, कारण इंग्लंडमध्ये अशी पुस्तके छापणारे तेव्हा फार थोडे होते. बाहेरून आलेला माल म्हणून १८७६ सालचा कस्टम्सचा कायदा लावता आला. देशात छापलेल्या पुस्तकावर अश्लीलतेचा आरोप आला तर 'यात वाङ्मयीन गुण आहे' असा बचाव करता येत असे. बाहेरून आलेल्या पुस्तकाला तो बचावही नाही. अधिकाऱ्यांनी पुस्तकांच्या थप्प्याच्या थप्प्या नेल्या. त्यांत टेनेसी विल्यम्स होते, गोर विडाल होते, जाँ जने होते. त्यांची इतर पुस्तके लंडनच्या कोणत्याही मोठ्या दुकानात उघड विकली जात होती. दुकानाच्या संचालकांवर आणि एका कर्मचाऱ्यावर कारस्थानाचा आरोप ठेवला गेला. आठ-नऊ माणसे, आणि गुन्हा काय तर पुस्तके मागवण्याचा कट.

वाचकांनी वर्गणी काढली. बचाव निधीत ५५,००० पौंडांवर रक्कम जमली. लेखकांनी पैसे पाठवले, खासदारांनी प्रश्न विचारले. दोन वर्षे हे चालले आणि जून १९८६ मध्ये सरकारने खटला सोडून दिला. सुनावणी पूर्ण झालीच नाही.

हे ऐकताना आमच्या मनात दुसराच एक खटला आला. जाणत्या वाचकांच्याही आला असेल. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचक पत्राने लैंगिक प्रश्न विचारीत आणि कर्वे उत्तरे छापीत, एवढाच अपराध. मुंबई हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बाबासाहेब. विषय लैंगिक आहे म्हणून लिखाण अश्लील ठरत नाही, आणि वाचकाने शंका विचारली तर तिला उत्तर मिळाले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. समलिंगी ओढीविषयी बोलताना त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या ग्रंथाचा आधार घेतला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण त्या काळी, त्या प्रश्नावर, त्या कोर्टात उभे राहायला दुसरे कोण पुढे आले होते?

ही गोष्ट आम्ही एप्रिल २०१३ च्या जयंतीच्या व्याख्यानमालेत आमच्या वसाहतीत सांगितली होती. टाळ्या पडल्या होत्या. हे येथे का लिहितो ते पुढे येईल.

तेवढ्यात पाऊस आला. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला श्रावण. ऊन आणि सर यांची शिवाशीव. कविता वाचणारी मुलगी थांबली नाही, ऐकणारेही उठले नाहीत, पण टेबलांवरची पुस्तके भिजू लागली. प्लास्टिकचे कापड एक आणि टेबले चार. सौ. उठल्या, आपली शाल काढली आणि जवळच्या टेबलावर पसरली. एका तरुणाने त्यांना अडवले, शाल खराब होईल म्हणून. सौ. मराठीत म्हणाल्या, "अरे बाळा, शाल वाळेल. पुस्तक वाळलं तरी फुगतं." त्याला एक शब्द कळला नाही. त्याने शालीचे दुसरे टोक धरले. वाचनालयात वीस वर्षे पावसाळे काढलेल्या बाईचे ते शहाणपण होते.

सर ओसरल्यावर पोस्टातले गृहस्थ पुन्हा सुरू झाले. हा भाग आम्हाला सर्वांत आवडला. त्याच १९८४ साली ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांचा मोठा संप चालू होता. मार्च १९८४ ते मार्च १९८५, वर्षभर. खाणी बंद करण्याचे सरकारचे धोरण होते आणि कामगारांच्या घरी चूल पेटेना. तेव्हा मार्क अ‍ॅश्टन आणि माइक जॅक्सन यांच्या पुढाकाराने समलिंगी स्त्री-पुरुषांचा एक गट उभा राहिला. ही मंडळी डबे घेऊन रस्त्यावर उभी राहत आणि जमलेले पैसे वेल्समधल्या डुलाइस खोऱ्यातल्या खाणकामगारांना पाठवीत. सभा भरत त्या ६६ नंबरच्या दुकानात. म्हणजे ज्या दुकानावर छापा पडून खटल्याची टांगती तलवार होती, तेथेच दुसऱ्यांच्या चुलीसाठी पैसे मोजले जात होते. डिसेंबर १९८४ मध्ये कॅम्डनला गाण्यांचा एक जलसा करून त्यांनी पाच हजार पौंडांवर रक्कम उभी केली. खाणकामगार साधी, कष्टाची, आपल्या चालीरीतींची माणसे. त्यांनाही हे पाहुणे आधी नवलाचे वाटले. पण १९८५ च्या जूनमध्ये लंडनला समलिंगींचा मोर्चा निघाला, तेव्हा बसगाड्या भरून खाणकामगार आले आणि आपले बॅनर घेऊन मोर्चाच्या अग्रभागी चालले. पुढे मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या हक्कांचा ठराव आला, तेव्हा खाणकामगारांच्या संघटनेने त्याच्या बाजूने मते टाकली. या कथेवर २०१४ साली 'प्राइड' नावाचा चित्रपट निघाला. मार्क अ‍ॅश्टन १९८७ मध्ये एड्सने गेले, अवघे २६ वर्षांचे होते. दुकानाच्या दर्शनी भागावर २०१७ पासून त्यांच्या नावाची गोल पाटी आहे. आम्ही खाली उभे राहून पाहिली.

गृहस्थ म्हणाले, त्या डब्यांपैकी एक माझ्या हातात होता. एवढेच म्हणाले आणि पाण्याची बाटली उघडली.

पुढे चहा झाला. एका मुलाने पुतणीला विचारले, तुमच्या भाषेत असे लेखन आहे का? पुतणीने आमच्याकडे पाहिले, आम्ही सौ.कडे. सौ.नी सांगितले, तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ सालीच रंगभूमीवर आले, आणि त्यात मैत्रिणीवर प्रेम करणारी नायिका होती. येवल्याच्या दिशा पिंकी शेख तृतीयपंथी आहेत, कवयित्री आहेत, आणि सभा गाजवतात. येवले म्हणजे काय हे सांगायला सौ.ना आणखी दहा मिनिटे लागली. १९३५ ची घोषणा, परिषद, सगळे. मुलगा वहीत लिहून घेत होता.

संध्याकाळी पुतणीने आम्हाला आसपास फिरवले. हा भागच अशा लेखकांचा. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये व्हर्जिनिया वुल्फ १९२४ ते १९३९ पर्यंत राहत होत्या. तेथे बागेत गांधीजींचा बसलेला पुतळाही आहे. पुतणी म्हणाली, "काका, फोटो काढू?" आम्ही म्हणालो, आधी पुढचे दाखव. पुढचे म्हणजे ब्रन्सविक स्क्वेअर. १९३० च्या दशकात ई. एम. फॉर्स्टर येथे राहत. हे नाव आपल्याला अगदी परके नाही. १९२१ साली ते देवासला आले होते. देवास म्हणजे पवार घराण्याचे मराठी संस्थान. तेथील महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून त्यांनी काही महिने काम केले आणि त्या आठवणींचे पुस्तकही १९५३ साली काढले.

याच फॉर्स्टर यांनी १९१३-१४ मध्ये 'मॉरिस' नावाची कादंबरी लिहिली. दोन पुरुषांचे प्रेम, आणि शेवटी दोघांचे चांगले होते. शेवट गोड आहे, हीच अडचण. ती छापली तर काय होईल हे त्यांना ठाऊक होते. १९२८ मध्ये रॅडक्लिफ हॉल या लेखिकेच्या 'द वेल ऑफ लोनलिनेस' या कादंबरीवर बो स्ट्रीटच्या कोर्टात खटला झाला. फॉर्स्टर आणि व्हर्जिनिया वुल्फ साक्ष द्यायला तयार होते, पण न्यायाधीशांनी साहित्यिकांची साक्ष घेतलीच नाही. पुस्तक नष्ट करण्याचा हुकूम झाला. फॉर्स्टर यांनी आपले हस्तलिखित कपाटात ठेवले, निवडक मित्रांना दाखवले. १९७० मध्ये ते गेले आणि १९७१ मध्ये 'मॉरिस' छापून आली. आयुष्यभर नाव कमावलेल्या, साहेबाच्या देशात जन्मलेल्या लेखकाला स्वतःचे एक पुस्तक दाखवायला मरणापर्यंत थांबावे लागले!

बाकावर बसलो होतो. पुतणीने सरळ विचारले, "काका, वाचनालयातलं ते पुस्तक तुम्हीच काढलं होतं ना?"

आता ते सांगणे भाग आहे. आमच्या वसाहतीत विहाराला लागून वाचनालय आहे. आम्ही बरीच वर्षे त्याचे चिटणीस. देणगीत आलेल्या पुस्तकांत एक मराठी पुस्तक होते, समलिंगी मुलाच्या आयुष्यावरचे. कोणी फारसे हात लावला नव्हता. अकरावीतला एक मुलगा ते वारंवार नेत असे. एकदा त्याच्या घरी ते सापडले आणि वडील पुस्तक घेऊन समितीपुढे आले. जानेवारी २०१४ ची गोष्ट. त्याआधी महिनाभर, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा कायम केले होते. समितीतले एक सदस्य म्हणाले, आता हे परत गुन्ह्यात आले, उद्या वाचनालयावर बालंट नको. कोणाचा हुकूम नव्हता, पोलीस नव्हते, नोटीस नव्हती. आम्ही नोंदवही उघडली, तांबड्या शाईने त्या क्रमांकापुढे 'बाद' लिहिले आणि पुस्तक रद्दीत घातले. जयंतीच्या त्या व्याख्यानाला नऊ महिने झाले होते.

पुढच्या रविवारी मुलगा आला. फळीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. काही बोलला नाही. आम्हीही वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. नंतर तो आला नाही. पुतणी त्याच्याच वर्गात होती, हे आम्ही विसरलो होतो.

पोस्टातल्या गृहस्थांनी दुपारी आणखी एक गोष्ट सांगितली होती. १९८८ मध्ये इंग्लंडात 'कलम २८' आले. नगरपालिकांनी समलिंगी संबंधांचा पुरस्कार करू नये असा तो कायदा. त्याखाली कोणावर खटला झाल्याचे कोणाला आठवत नाही. पण शिक्षक गप्प झाले, ग्रंथपाल गप्प झाले. कायदा २००३ मध्ये गेला. पंधरा वर्षांत शाळेतून किती मुले बाहेर पडली, याचा हिशेब त्यांनी आम्हाला करायला सांगितला होता. आम्ही तेव्हा मान हलवली होती, शहाण्यासारखी.

"हो, मीच," आम्ही म्हणालो. "तो कुठे आहे आता?"

"पुण्यात. नोकरी करतो. बरा आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "२०१८ ला निकाल लागला तेव्हा त्यानं मला पहाटेपर्यंत मेसेज केले. पण काका, वसाहतीत येतो तेव्हा विहारात जातो, वाचनालयात नाही जात."

सौ. काही बोलल्या नाहीत. त्या उठल्या आणि मार्चमाँट स्ट्रीटच्या दिशेने चालू लागल्या. गुडघे दुखत असताना. दुकान अजून उघडे होते, टेबले आवरणे चालले होते. त्यांनी 'मॉरिस' मागितली. पैसे त्यांनी स्वतःच्या पाकिटातून दिले. आमच्या पाकिटाकडे पाहिलेही नाही.

परत आल्यावर त्या जुन्या मराठी पुस्तकाचा शोध घेतला. पुण्याहून एक प्रत मिळाली, मागवली. दोन्ही पुस्तके नोंदवहीत चढवायची होती. मराठी पुस्तकाला नवा क्रमांक द्यावा की तांबड्या शाईखालचा जुनाच, यावर आमचा आणि सौ.चा अर्धा तास वाद झाला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जुनाच दिला. 'बाद' हा शब्द खोडला नाही. पुढे तारीख घालून 'पुन्हा दाखल' असे लिहिले आणि खाली सही केली.

आम्ही सवयीप्रमाणे कव्हर घालायला खाकी कागद आणि कात्री घेऊन बसलो. सौ. म्हणाल्या, "अहो, यांना नको. नाव दिसू द्या."

समितीची सभा येत्या रविवारी आहे. तक्रार येईल याची आम्हाला कल्पना आहे. विषयपत्रिकेवर तिसरा विषय आम्ही आपल्या हाताने लिहून ठेवला आहे, आणि पुतणीकडून पुण्याचा फोन नंबर मागवला आहे. फोन अजून केलेला नाही.